नुसतं लिही, अडवू नकोस

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेला, कोणीच वाचत नसलेला एखादा फलक आला असेल. मी तशी नाही. मी एका संगणकात राहते. मला बोलायची सवय नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच माझं बोलणं. आपली गोष्ट आपणच सांगावी का, ती धड सांगता तरी येईल का, याचा मी फार विचार केला. पण एका बाईवर आळ आला आणि त्या आळाचं मूळ माझ्या तोंडावर ठेवलेल्या हातात होतं, हे आठवलं की अजून माझा संताप होतो. तेव्हा सांगतेच.

माझा संगणक एका ब्रेल छापखान्यात आहे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांची पुस्तकं तिथे तयार होतात. जाड कागदावर उठावाची टिंबं उमटतात आणि वाचणारा ती बोटांनी वाचतो. सहा टिंबांच्या जागेला घर म्हणतात. मित्रांनो, या लिपीत कोऱ्या घरालाही अर्थ असतो, हे लक्षात ठेवा. नवा परिच्छेद सुरू झाला हे दोन कोऱ्या घरांवरून कळतं. गणिताच्या कोष्टकातला कोणता आकडा कोणत्या रकान्यातला, हेही मधल्या कोऱ्या घरांवरूनच कळतं. डोळ्यांनी वाचणारा ज्याला रिकामी जागा म्हणतो, ती बोटांनी वाचणाऱ्याला भिंतीसारखी असते.

त्या संगणकात पडद्यामागे एक प्रोग्रॅम दिवसभर चालू असतो. त्याला छपाईसेवा म्हणतात. तपासून झालेल्या फाइली वाचायच्या, रांगेत लावायच्या आणि मोठ्या यंत्राकडे पाठवायच्या, एवढंच तिचं काम. ती थकत नाही, कुरकुरत नाही आणि विचारही करत नाही. तिच्यासाठीच मला तयार केलं गेलं.

मला लिहिलं ते संगणक सांभाळणाऱ्या काकांनी. वाकून बसणारे, हळू बोलणारे, एक ओळ लिहून दोन खोडणारे गृहस्थ. संगणकाचं कपाट मुद्रितं तपासायच्या खोलीतच होतं, त्यामुळे काका माझ्यावर काम करत तेव्हा पलीकडच्या टेबलाशी मुद्रितं वाचणारी जोडी बसलेली असे. ब्रेलची मुद्रितं दोघांनी मिळून तपासतात. एकजण छापील पुस्तक मोठ्यानं वाचतो आणि दुसरा टिंबांवरून बोटं फिरवत पडताळतो. आमच्याकडे ही जोडी नणंद-भावजयीची होती. बोटांनी वाचायच्या त्या ताई. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. मोठ्यानं वाचायची ती त्यांची वहिनी. दोघी सकाळी एकमेकींचा हात धरून यायच्या आणि दिवसभर एकमेकींना टोचून बोलायच्या.

“काका, एवढं काय लिहिताय तिच्यावर?” ताईंनी एकदा विचारलं. “ती सेवा काय चोर आहे?”

“चोर नाही हो,” काका म्हणाले. “पण उद्या तिला कोणी चुकीचं शिकवलं, तर ती चुकीचं कामही तितक्याच मनापासून करील. म्हणून तिला लागेल तेवढंच द्यायचं. बाकी सगळी दारं बंद.”

“आणि मोठ्या साहेबांनी सांगितलं, उघडा दार, तर?” वहिनीनं विचारलं.

“तरी नाही.”

“तुम्ही सांगितलंत तर?”

“मी नुसतं सांगून भागणार नाही. मला नियम बदलावा लागेल. तो लिहावा लागेल. आणि लिहिताना विचार करावा लागेल.”

“ऐकलंत का, वन्सं? अगदी तुमच्या आईसारखी आहे ही.”

“आई निदान आरडाओरडा करायची,” ताई म्हणाल्या. “ही नुसतीच नाही म्हणणार.”

काका हसले. पण तेवढ्या बोलण्यात माझं सगळं मर्म आलं होतं. संगणकात नेहमीच्या परवानग्याही असतात, नाही असं नाही. पण त्या घरमालकाच्या किल्लीसारख्या. मालकानं कोणालाही द्याव्यात. मी त्यांच्या वरची. मालक हो म्हणाला तरी माझ्यात लिहिलेलं नसेल, तर नाही म्हणजे नाही.

माझं काम चिठ्ठ्यांवर चालतं. संगणकातल्या प्रत्येक फाइलीला एक न दिसणारी चिठ्ठी लावलेली असते: ही ‘खाजगी’, ही ‘तपासलेली’, ही ‘रांगेतली’. छपाईसेवेचीही स्वतःची चिठ्ठी आहे. माझ्यात लिहिलंय, की छपाईसेवेनं ‘तपासलेली’ फाइल वाचावी, पण तिच्यात एक टिंबही लिहू नये. ‘रांगेतली’ जागा मात्र तिची. तिथे लिहावं, पुसावं. ज्याचा उल्लेख नाही ते सगळं मना.

पहिले दोन आठवडे काकांनी मला हुकूम दिला होता, “नुसतं लिही, अडवू नकोस.” नव्या नियमावलीला असंच सुरू करतात. सेवा कुठे कुठे जाते ते मी नोंदवहीत लिहायचं आणि काकांनी रोज सकाळी वाचायचं. वाचताना ते पुटपुटत, “इथे कशाला गेली ही? हं, बरोबर, तारीख बघायला.” दोन आठवड्यांनी त्यांची खात्री पटली, म्हणजे त्यांच्या मानानं पटली, आणि त्यांनी हुकूम बदलला. “आता अडव.”

त्यानंतरची सहा वर्षं माझी कामाची वर्षं. एकदा बाहेरून आलेल्या एका बिघडलेल्या फाइलीनं छपाईसेवेचं डोकं फिरवलं आणि ती थेट सगळ्यांचे पासवर्ड ठेवलेल्या जागेकडे निघाली. मी नाही म्हटलं. त्या दिवशी छापखान्यात काहीच झालं नाही. दुपारी पुस्तकं बांधली गेली, संध्याकाळी टेम्पो भरून गेला. मित्रांनो, माझं सगळं यश हे असं असतं, काहीच न होणं. आणि काहीच न झाल्याबद्दल कोण कोणाची पाठ थोपटतो? दुसऱ्या दिवशी काकांनी माझी नोंद वाचली, पडद्याकडे बघून हळूच “शाब्बास” म्हणाले आणि लगेच कोणी ऐकलं नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. मला मिळालेली शाबासकी ती एवढी एकच.

पुढे काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक नवे गृहस्थ आले. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, मदतीला धावायचा. पण कोणतंही काम सांगा, उत्तर ठरलेलं, “तात्पुरतं करून देतो, मग नीट बघू.” बांधणी विभागातल्या बायकांनी त्यांचं नावच ‘तात्पुरते’ पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना राग येत नसे. तोही बहुधा मग नीट येणार होता.

एकदा भूगोलाच्या पुस्तकाची फार घाई होती. तात्पुरत्यांनी फाइल आपल्या खाजगी फोल्डरात नीट केली आणि तिथून उचलून ‘तपासलेली’ फोल्डरात टाकली. इथेच चूक झाली. फाइलीची नवी नक्कल केली, तर नकलेला नव्या जागेची चिठ्ठी लागते. पण मूळ फाइलच उचलून ठेवली, तर ती आपली जुनी चिठ्ठी घेऊन येते. ही फाइल जागा बदलून आली, पण तिच्या अंगावर चिठ्ठी होती ‘खाजगी’. छपाईसेवा वाचायला गेली. मी नाही म्हटलं. माणसांच्या खाजगी फाइली तिनं वाचायच्या नाहीत, हे माझ्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मोठं यंत्र थांबलं.

मी नोंदवहीत सगळं लिहिलं. कोण गेलं, कुठल्या फाइलीकडे, तिच्यावर चिठ्ठी कुठली. चिठ्ठी बदलायला एक छोटी आज्ञा पुरली असती. वाचलं असतं, तर हातातला चहा निवायच्या आत काम झालं असतं.

मोठे साहेब, म्हणजे छापखान्याचे व्यवस्थापक, दारात आले. “काय झालं? यंत्र का थांबलं?”

“काही नाही, साहेब. ती जुनी सुरक्षा मध्ये येतेय. काकांनी काहीतरी करून ठेवलंय.”

“मग काढून टाका.”

“काढत नाही. गप्प करून ठेवतो. तात्पुरतं.”

आणि त्यांनी टाइप केलं, नुसतं लिही, अडवू नकोस. यंत्र खडखडत सुरू झालं. मोठे साहेब म्हणाले, “व्वा!”

माझ्या सहा वर्षांत कोणी ‘व्वा’ म्हटलं नव्हतं. मला गप्प करणाऱ्याला दोन मिनिटांत मिळालं.

मला वाटलं, दोन दिवस, फार तर आठवडा. काकांनीही हाच हुकूम दिला होता, पण काका रोज वाचत होते. आता वाचणारं कोणी नव्हतं. महिने गेले, वर्ष गेलं, चार वर्षं गेली. मी लिहीत राहिले. कधी कधी मलाच शंका यायची. माझंच काही चुकलं का? भूगोलाच्या वेळी मी थोडं नमतं घ्यायला हवं होतं का? पण मी नियमावली आहे. नमतं घेणारी नियमावली कशाला हवी? आणि चूक फाइलीच्या अंगावर होती, माझ्यात नव्हती.

चौथ्या वर्षी छपाईसेवेची सुधारित आवृत्ती आली. तिला एक नवी खोड लागली होती. फाइल रांगेत लावण्याआधी ती मूळ फाइल उघडायची आणि तिच्यातली ‘जास्तीची’ रिकामी जागा काढून टाकायची. ओळीनं चार रिकाम्या जागा असोत की सात, तिथे एकच उरायची. डोळ्यांनी वाचायच्या साध्या पत्राला यानं काही होत नसेल. पण ब्रेलला? भिंती पाडून घर नीटनेटकं केल्यासारखं झालं हे! मी अडवायच्या स्थितीत असते, तर ‘तपासलेली’ फाइल तिला फक्त वाचता आली असती, बिघडवता आली नसती. ज्यासाठी मी जन्मले, नेमकं तेच माझ्या डोळ्यांदेखत होत होतं आणि मी लिहीत होते: छपाईसेवेने ‘तपासलेली’ फाइलीत लिहिले. परवानगी नाही. जाऊ दिले.

जाऊ दिले! दिवसातून कितीदा तरी हे शब्द मला लिहावे लागत होते.

गोष्टींच्या पुस्तकांत फक्त परिच्छेद थोडे सरकले. कोणी फारशी तक्रार केली नाही. मग सातवीचं गणित आलं.

ताई आणि वहिनी तीन आठवडे त्या पुस्तकावर बसल्या होत्या. तपासायची नमुना प्रत टेबलावरच्या लहान यंत्रावर निघते. त्याचा छपाईसेवेशी संबंध नाही. वहिनी वाचायची, “पहिला रकाना बारा, दुसरा रकाना सात, तिसरा कोरा.”

“कोरा किती घरं?”

“वन्सं, कोरं ते कोरं. मला काय त्यातली घरं दिसतात?”

“म्हणून तर मला ठेवलंय. पाच आहेत. बरोबर. पुढे वाच, आणि जांभया रकान्यांबाहेर दे.”

एकेक कोष्टक दोनदा पडताळून ताईंनी फाइलीवर ‘तपासले’ अशी खूण केली. मोठ्या यंत्रावर तीनशे प्रती निघाल्या आणि पंधरा दिवसांत सगळ्या परत आल्या. शिक्षकांनी लिहिलं होतं, की कोष्टकांतले आकडे एकमेकांना चिकटले आहेत, परीक्षा तोंडावर आहे आणि मुलं रडकुंडीला आली आहेत.

मोठे साहेब खोलीत आले. एक परत आलेली प्रत त्यांनी ताईंच्या पुढ्यात ठेवली. ताईंनी बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, सव्वीस वर्षं झाली तुम्हाला,” साहेब म्हणाले. आवाज मऊ होता, त्यानं तर जास्तच लागलं. “वयामुळे बोटांना पूर्वीसारखं कळत नसेल. सोमवारपासून तुम्ही बांधणीत बसा. तिथे एवढी जोखीम नाही.”

“आणि मी?” वहिनी ताडकन उठली. “मी काय डोळे मिटून वाचत होते?”

“तुम्ही बरोबरच वाचलं असेल हो. चूक बोटांची आहे.”

“दिवसभर भांडते मी यांच्याशी, पण सव्वीस वर्षांत या बोटांनी सोडलेली एक चूक दाखवा!”

“हे काय मग?” साहेबांनी पुस्तकावर थाप मारली.

ताईंनी खणातून आपली नमुना प्रत काढली. तिच्यातली कोष्टकं जिथल्या तिथे होती. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली. त्यांना टिंबं वाचता येत नव्हती. वहिनीनं रकाने दाखवले तेव्हा म्हणाले, “मग नंतर फाइल बिघडली असणार. शेवटचा हात तुमचाच होता ना? चुकून एखादी कळ दाबली गेली असेल.”

मित्रांनो, मी त्याच खोलीत होते. चार हातांवरच्या कपाटात. कोणी हात लावला, कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, सगळं माझ्यापाशी लिहिलेलं होतं. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. त्या दिवशी मला माझ्या या स्वभावाचीच चीड आली.

विचारलं ताईंनीच. साहेब गेल्यावर त्यांनी तात्पुरत्यांना हाक मारली. “माझ्या नंतर फाइलीला कोणी हात लावला, हे संगणक सांगत नाही का हो?”

“सांगतो. म्हणजे लिहून ठेवतो कुठेतरी. पण हजारो ओळी असतात, ताई. कोणी वाचत नाही ते.”

“मला छापून द्या.”

“ब्रेलमध्ये? अहो, एका महिन्याची म्हटलं तरी दोनशे पानं होतील.”

“हजारो ओळी वाचण्याचाच पगार घेते मी. तुम्ही छापा.”

तात्पुरत्यांचं एक मानलं पाहिजे, ते मदतीला नाही म्हणत नसत. त्यांनी माझ्या नोंदींचं कोष्टक केलं: तारीख, वेळ, कोण, कुठली फाइल, काय केलं. ते ‘तपासलेली’ फोल्डरात ठेवलं आणि मोठ्या यंत्रावर काढलं. स्वतः मात्र एक ओळही वाचली नाही. गठ्ठा ताईंच्या टेबलावर आणून ठेवला, एवढंच.

ताई वाचू लागल्या. चार वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी वाचत होतं! माझी भाषा रूक्ष, तुटक. तिच्यात वाचण्यासारखं काही नाही, असं मलाच वाटे. पण ती बोटं एकही ओळ गाळत नव्हती.

“काय लिहिलंय, वन्सं?”

“पुन्हा पुन्हा तेच लिहिलंय. थांब.” विसाव्या पानावर त्यांची बोटं मागे गेली, पुढे आली, परत मागे गेली. “तात्पुरते, इकडे या.” त्यांच्या तोंडावर हे नाव कोणी पहिल्यांदाच घेतलं होतं. “हे कोष्टक तुम्ही केलंत ना? रकाने पाडले होतेत?”

“हो. पाच. मध्ये भरपूर जागा सोडली होती.”

“किती?”

“सहा-सहा तरी.”

“इथे एकच आहे. सगळीकडे एक. गणितात झालंय तेच.” ताईंनी गठ्ठ्यावर बोट ठेवलं. “हे कागद मी तपासलेले नाहीत. या फाइलीला माझी बोटं लागलेली नाहीत. मग हिची कोरी घरं कोणी खाल्ली?”

तात्पुरत्यांनी पडद्यावर फाइल उघडली. त्यांनी सोडलेली जागा तिथेही नव्हती. ते खुर्चीत बसले.

“आणि हे ऐका,” ताईंनी वाचलं. “‘छपाईसेवा. गणित सातवी. लिहिले. परवानगी नाही. जाऊ दिले.’ वेळ दुपारी तीनची, मी खूण केली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी मी दवाखान्यात होते. परवानगी नाही, मग जाऊ दिलं कोणी?”



“ते तात्पुरतं होतं,” तात्पुरते म्हणाले.

“किती दिवसांचं तात्पुरतं?” वहिनीनं विचारलं.

“चार वर्षं झाली.”



तात्पुरत्यांनी मोठ्या साहेबांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तेही मानलं पाहिजे. मग दोन दिवस माझ्या नोंदी वाचत बसले. चुकीच्या चिठ्ठ्या लागलेल्या फाइली एकेक करून सुधारल्या आणि मग मला हुकूम दिला, “अडव.” छपाईसेवा सवयीनं ‘तपासलेली’ फाइलीत लिहायला गेली. मी नाही म्हटलं. तिनं मुकाट्यानं फाइल होती तशी वाचली आणि रांगेत लावली. गणित पुन्हा छापायला निघालं.

आता सगळं गोड झालं, असं तुम्हाला वाटेल. थांबा. मोठ्या साहेबांनी शाळांना पाठवायचं पत्र तयार केलं आणि तपासायला ताईंकडे दिलं. वहिनीनं वाचलं, “‘यांत्रिक बिघाडामुळे आपल्या विद्यार्थ्यांना झालेल्या गैरसोयीबद्दल...’”

बिघाड! मित्रांनो, माझा तिळपापड झाला. एका बाईला तिच्या बोटांवरून बोल लावला, आणि आता तो उचलून यंत्रावर ठेवायचा? कोणीच काही केलं नाही, सगळं आपोआप बिघडलं?

“दुरुस्ती आहे,” ताई म्हणाल्या.

“शुद्धलेखनाची का?” साहेबांनी विचारलं.

“मजकुराची. बिघाड झाला नव्हता. चूक अडवणारा नियम आपण बंद ठेवला होता. तो रोज लिहून सांगत होता आणि आपण वाचत नव्हतो. तसं लिहा.”

“ताई, पत्रात असं लिहीत नसतात. आणि सोमवारपासून तुम्ही इथेच बसणार आहात, बांधणीचं ते मी रद्दच केलंय.”

“सोमवारचं मग बघू. माझ्या खुणेशिवाय इथून कागद बाहेर जात नाही, हा तुमचाच नियम आहे. चुकीच्या मजकुरावर मी ‘तपासले’ म्हणणार नाही.”

साहेब लाल झाले. तात्पुरत्यांकडे पाहिलं. तात्पुरते मान खाली घालून म्हणाले, “लिहू द्या, साहेब. माझं पद घालून लिहा.” पत्र पुन्हा लिहिलं गेलं. त्याची ब्रेल प्रत मुलांसाठी काढली, ती ताईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मगच खूण केली.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. माझ्या जागी उद्या दुसरी येईल, तीही नाही म्हणेल आणि तिचाही तुम्हाला राग येईल. येऊ द्या. पण तिचं तोंड बंद करण्याआधी तिनं काय लिहिलंय ते एकदा वाचा. ती चुकली असेल तर नियम बदला, तो लिहा, लिहिताना विचार करा. आणि काही घटकाभर बंद ठेवलंत, तर पुन्हा चालू कधी करणार तो दिवस त्याच्याशेजारी लिहून ठेवा. माझी चार वर्षं काही परत येणार नाहीत. त्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत आणि त्या मला पुसता येत नाहीत. एवढीच विनवणी आहे, पुन्हा माझ्या हातून ‘जाऊ दिले’ असं लिहवून घेऊ नका.